नवती, पिलबाग आणि चित्रांसमोरचा उन्हाळा

केळफूल | १४ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, जळगावला बी.एस्सी. करते. विषय वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष आत्ताच संपलं. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प आहे आणि मॅडमनी शेवटच्या पेपरच्या दिवशीच बजावलंय, की सुटीत सांख्यिकी शिकून ये, नाहीतर वहीभर आकडे आणशील आणि त्यांच्याशी बोलायचं कसं ते कळणार नाही.

म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यापासून दुपारचा वेळ त्याला दिलाय. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी ओसरीत ओलं पोतं दाराला टांगून एक जुनं पाठ्यपुस्तक आणि मोबाईलवरची व्याख्यानं घेऊन बसते. सकाळी सहा ते नऊ बाबांबरोबर बागेत. कापणी चालू आहे, मी ताणकाट्यावर घडांची वजनं घेते.

दुसरी गोष्ट एप्रिलमध्ये सुरू झाली. परीक्षेनंतर मैत्रिणीनं जळगावात भाऊंच्या उद्यानातल्या कलादालनात नेलं. चित्रं बघायची म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा कुठे गेले. कोरड्या नदीपात्राचं एक जलरंगातलं चित्र होतं. लांबून सगळी वाळू एकाच रंगाची वाटत होती, जवळ गेल्यावर तिच्यात निळा दिसला, जांभळा दिसला, एके ठिकाणी तर नुसता कोरा कागद सोडलेला. मी अर्धा तास तिथून हलले नाही. त्या दिवसापासून दर रविवारी काहीतरी बघायचं ठरवलं. आतापर्यंत जळगावातली दोन प्रदर्शनं आणि जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ झालंय.

भाऊ म्हणतो, दोनातलं एक धर. मला मात्र हे दोन्ही एकच शिक्षण वाटतं, फक्त ते कसं ते नीट सांगता येत नाही.

आता अडचण. ३६ घड मोजले, सरासरी २० किलोच्या आसपास आली. पण बागेत उभी राहिले की २० किलोचा घड हाती लागतच नाही. एक तर हलका, नाहीतर चांगला जड. हिशेब तीनदा तपासला, बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? आणि खान्देशात अजून काय काय बघावं, तेही सांगा.


तोलकाटा | १५ मे, सकाळी ६:४५

ताई, मी यावलकडचा, आमचीही केळीच. एक विचारतो. हे ३६ घड एकाच बागेतले का? नवती आणि पिलबाग एकत्र तर नाही ना मोजली? बाजार समितीत भाव निघतात तेव्हा नवतीचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा, पिलबागेचा वेगळा असतो. ते उगाच नाही.

ज्यांच्याकडे केळी नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवती म्हणजे पहिल्यांदा लावलेल्या खोडाचा माल. तो कापला की त्याच्या बुंध्याला आलेलं पील वाढवायचं, त्याचा माल ती पिलबाग. मृगबाग म्हणजे जून-जुलैची लावण, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरची.


केळफूल | १५ मे, सकाळी ९:३०

काका, अगदी तेच झालंय. मळ्यात टिश्यूच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांची नवती आहे, गेल्या जूनची लावण. विहिरीजवळ पिलबाग. कापणी दोन्हीकडे चालू होती, मी सगळं एकाच पानावर लिहीत गेले. वजन लिहिलं, शेत लिहिलंच नाही. तारखेवरून आणि बाबांच्या आठवणीवरून आता वेगळं करते.


निवृत्त_गुरुजी | १५ मे, दुपारी ४:०५

बेटा, मी जळगावात तीस वर्षं सांख्यिकी शिकवली. तुझा प्रश्न वाचून खरोखर आनंद झाला, कारण विद्यार्थी बहुधा 'सरासरी आली' इथे थांबतात. सरासरीएवढा घड बागेत का नाही, हे विचारणारे थोडे.

आलेख कागद घे. आडव्या रेषेवर दोन-दोन किलोचे गट पाड आणि प्रत्येक घडासाठी त्या गटावर एक चौकट रंगव. शाळेत ज्याला आयतालेख म्हणायचो तोच. माझा अंदाज, तुला एक टेकडी दिसणार नाही, दोन दिसतील, आणि तुझे २० किलो त्या दोन टेकड्यांमधल्या खळग्यात पडलेले असतील. सरासरी म्हणजे तराजूचा मधला आस. आसाखाली काही असलंच पाहिजे असं नाही.

आकडेमोडीआधी चित्र काढायचं, हा नियम मनात पक्का कर. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत आडव्या आकड्यांची सरासरी ९, उभ्यांची ७.५, सहसंबंध (एक आकडा वाढला की दुसरा त्याला किती साथ देतो त्याचं माप) ०.८१६ च्या आसपास, त्यांतून जाणारी रेषाही तीच. कागदावर हिशेब मांडला तर चौघं जुळे भाऊ. काढून बघितलं, की पहिल्यात ठिपक्यांचा सैलसर पट्टा, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेघ आणि एकच ठिपका रांग सोडून उभा, चौथ्यात सगळे ठिपके एका उभ्या रेषेत आणि एक लांब कोपऱ्यात. हे चारही आलेख स्वतःच्या हातानं काढ. संगणकावर पाच मिनिटांत होतात, पण तसं करू नकोस. ठिपका देताना हात कुठे जातो ते डोक्यात राहतं.


चाळीसगाव_जंक्शन | १५ मे, रात्री ९:५०

गुरुजींचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. मी चित्रकला शिकवतो. मुलांना पान काढायला सांगितलं की ती पानाकडे बघतच नाहीत, डोक्यातलं पान काढतात, सगळ्यांचं एकसारखं. ते डोक्यातलं पान म्हणजे तुमची सरासरीच म्हणा ना. समोरच्या पानाला कीड लागलेली असते, एक बाजू लहान असते, ती कागदावर उतरत नाही.

केळफूल, चाळीसगावला ये. स्टेशनला लागूनच कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला आहे, तिथेच त्यांचं संग्रहालय. जन्म मुंबईचा, १९१२ चा. तरुणपणी परदेशात कला शिकून आले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर क्वचितच पडले. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले. रात्रीची पंजाब मेल येऊन जाईपर्यंत ते घराची दारं-खिडक्या उघडी ठेवायचे, त्या गाडीनं येणार असलेल्या एका व्यक्तीची वाट बघत, असं आमच्या गावात सांगतात. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. पण तू गोष्टीसाठी येऊ नकोस, त्यांच्या टेबल-टॉप छायाचित्रांसाठी ये. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा सोडायचा की बघणाऱ्याला समोर खराखुरा देखावा आहे असंच वाटावं. एका खोलीत राहून माणूस किती बघू शकतो, ते तिथे कळतं.


पांझराकाठ | १६ मे, दुपारी १:१५

ताई, मी धुयाना. तुन्ही गोट वाचीसन भलतं बरं वाटनं.

पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. चित्र आणि आकडे एकच आहेत असं म्हणायची घाई नको. मी स्वतः हौशी चित्रकार आहे. चित्रासमोर जाताना मोजायची सवय घेऊन गेलात तर चित्र हातचं जाईल. केळीचा एक घड बाकीच्या घडांबद्दल काहीतरी सांगतो, म्हणून तुम्ही तो मोजता. चित्र दुसऱ्या कशाचाच नमुना नसतं. ते एकटंच असतं आणि त्याला तसंच भेटावं लागतं. जलरंगातली निळी वाळू तुम्हाला दिसली, कारण त्या वेळी तुम्हाला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. ते जपा.

धुळ्याला आलात तर राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांची कागदपत्रं सांभाळायला ही संस्था उभी राहिली. जुनी शिल्पं आणि हस्तलिखितं बघायला मिळतील. तिथून जवळ समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथेही हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. हस्तलिखित वाचता आलं नाही तरी अक्षराची वळणं बघा.


केळफूल | १७ मे, रात्री १०:३०

गुरुजी, दोन टेकड्या आल्या! एक १५-१६ किलोंवर, दुसरी २४-२५ वर. मधल्या २० च्या गटात एकच चौकट. पिलबाग आणि नवतीला वेगळे रंग दिले तर टेकड्याही जवळजवळ वेगळ्या झाल्या. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, हे तर आम्हाला माहीतच आहे. मग थोडा वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, पण असं दिसलं नव्हतं कधी. आमच्या विहिरीजवळच्या जमिनीत पील मागे पडतं हे ते दरवर्षी बोलतात. किती मागे पडतं ते परवा पहिल्यांदा कागदावर आलं.

पांझराकाठदादा, राग कसला, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळतंय. चित्र हा नमुना नसतो हे मला मान्य. मला जे सारखं वाटतं ते वेगळं असावं. दोन्हीकडे 'हे मला माहीत आहे' असं म्हणून मी पुढे जात होते, आणि दोन्हीकडे कशानं तरी मला थांबवलं. वाळू मातकटच असते हे मला माहीत होतं. घडाचं वजन म्हणजे एक आकडा, हेही माहीत होतं.

गुरुजी, आता प्रमाण विचलनावर, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापावर, अडलेय. n नं, म्हणजे आकडे जितके तितक्यानं, भागायचं सोडून n वजा एकनं का भागतात? पुस्तकात 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' एवढंच लिहून पुढे गेलेत.


निवृत्त_गुरुजी | १८ मे, सकाळी ११:२०

पाच घड घे. १४, १६, १७, १९, २४. बेरीज ९०, सरासरी १८. आता प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक लिही: उणे ४, उणे २, उणे १, अधिक १, अधिक ६. यांची बेरीज शून्य. ती नेहमीच शून्य येते, कारण सरासरी याच पाचांतून काढली आहे. म्हणजे पहिले चार फरक मी तुला सांगितले तर पाचवा तू न बघता सांगशील. त्याला स्वतःचं म्हणून काही सांगायचं उरलेलंच नाही. फरक पाच दिसतात, पण मोकळे चारच.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. तुला या पाच घडांचं विचलन नको आहे, सगळ्या बागेचं हवं आहे. बागेची खरी सरासरी तुला ठाऊक नाही, म्हणून या पाचांच्या सरासरीपासून अंतर मोजतेस. ही सरासरी या पाचांना सगळ्यांत जवळ पडेल अशीच असते, त्यामुळे अंतरं खऱ्यापेक्षा थोडी कमीच भरतात. पाचाऐवजी चारानं भागलं की तो कमीपणा भरून निघतो. फरकांच्या वर्गांची बेरीज १६, ४, १, १ आणि ३६ मिळून ५८. चारानं भागून १४.५. त्याचं वर्गमूळ ३.८ किलो. हे तुझं प्रमाण विचलन.

असे पाच-पाच आकड्यांचे दहा हिशेब हातानं कर. मग 'आर' नावाची आज्ञावली संगणकावर घे, मोफत आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती सुरू केली. पण आधी वही.


सातपुडा | १८ मे, रात्री ११:४०

मी मूळची नंदुरबारची, सध्या पुण्यात संशोधन करतेय. केळफूल, एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही. हे ३६ घड तू निवडलेस कसे?


केळफूल | १९ मे, सकाळी ९:१०

ताई, मजूर घड कापून बांधावर आणून ठेवतात. तिथे गाडीत भरायच्या आधी जे हाती लागतील ते मोजले.


सातपुडा | १९ मे, दुपारी २:३०

हाती लागतील ते म्हणजे बहुतेक बांधाजवळचे, कारण आधी तेच येऊन पडतात. आणि बांधाकडच्या झाडाचं आयुष्य मधल्या झाडासारखं नसतं. उन्हाळ्यातली गरम हवा त्यालाच आधी लागते, म्हणून तर आपल्याकडे बागेच्या कडेनं शेवरी आणि गजराज गवत लावतात.

कडेचा हा प्रश्न आपल्या देशात फार गाजलेला आहे. १९४० च्या दशकात पिकांचं उत्पादन नमुना पाहणीनं मोजायला सुरुवात झाली. एकीकडे प्रशांतचंद्र महालनोबीस, ज्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. त्यांच्या पाहणीत कापणीचे तुकडे अगदी लहान असत. दुसरीकडे आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं. का, तर लहान तुकड्याला आतल्या जागेच्या मानानं कड जास्त असते, आणि कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा माणूस ते आत धरतो. कुणी लबाडी करत नाही, हात आपोआप तिकडे जातो. म्हणून निवड हातावर सोडायची नाही.

तू असं कर. फक्त नवती घे. ओळींना क्रमांक दे, ओळीतल्या झाडांना क्रमांक दे. चिठ्ठ्या टाकून ओळ काढ, मग झाड काढ. अशी तीस झाडं. त्यांना लाल दोरा बांध. कापणी होईल तसतशी त्याच घडांची वजनं घे. दोरा बांधलेलं झाड बागेच्या टोकाला निघालं तरी तिथे जायचं. चिठ्ठीत आलेलं झाड बदलायचं नाही, ही एवढी एकच शिस्त.


तोलकाटा | १९ मे, रात्री ८:२०

हे खरं आहे. सहा बाय पाच फुटांवर लावण असली तर एकरात साडेचौदाशेच्या आसपास झाडं बसतात. चौदाशेतली तीस बघून बागेचा अंदाज करायचा तर ती तीस कोणती, यावरच सगळं आहे. घरी कुरडयांचा चीक शिजतो तेव्हा आई ढवळल्याशिवाय बोट लावत नाही, तसंच.


सातपुडा | २० मे, सकाळी ७:५०

काका, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. बांधावरचे घड म्हणजे न ढवळलेला चीक. चिठ्ठ्या टाकणं म्हणजे ढवळणं.


केळफूल | २६ मे, रात्री ९:३०

तीस झाडांना दोरे बांधून झाले. दोन सकाळी गेल्या. काही झाडं अशा ठिकाणी निघाली की आम्ही वर्षभरात तिथे गेलो नव्हतो. एका झाडाखाली भारद्वाजाचं पीस सापडलं, वहीत ठेवलंय.

रविवारी चाळीसगावला जाऊन आले. चाळीसगावचे सर, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मी छायाचित्रं बघितली तेव्हा आधी फसले. मग हे टेबलावर मांडलेलं आहे असं कळलं, आणि मग बराच वेळ सावली कुठून येते ते शोधत राहिले. एका वस्तूची सावली खरी, म्हणून सगळा देखावा खरा वाटत होता. बाहेर आले तर स्टेशनात गाडी लागत होती, ओसरीत बसून तिचा आवाज ऐकला. त्या घराला रोज किती गाड्यांचा आवाज ऐकावा लागला असेल. यापुढे मला लिहिता येत नाही.


पांझराकाठ | २७ मे, सकाळी १०:००

हाऊ. बस, आसंच देखत ऱ्हाय माय. लिहिता येत नाही तिथे थांबलात, ते फार आवडलं.

आता अजिंठा बघा. इतक्या जवळ राहून आपली बरीच मंडळी शाळेच्या सहलीवरच भागवतात. जळगावहून साठेक किलोमीटर. सोमवारी बंद असतं. लेणं क्रमांक १, २, १६ आणि १७ मध्ये चित्रं सगळ्यांत जास्त टिकली आहेत. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत काहीच बघू नका, नुसत्या उभ्या राहा.


केळफूल | २ जून, रात्री १०:४५

काल अजिंठ्याला जाऊन आले. एसटीनं लेणीफाट्यापर्यंत, पुढे तिथली बस. वाघूर कोरडी होती. तीच वाघूर, जिच्या धरणाचं पाणी जळगावात आमच्या खोलीवरच्या नळाला येतं.

लेणं १. दादांनी सांगितलं तसं आधी डोळे मिटून उभी राहिले. मग हळूहळू पद्मपाणी, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, वर आला. खरोखर वर आला असंच वाटलं, अंधारातून. खाली झुकलेले डोळे, आणि ते कमळ निळं. वनस्पतिशास्त्राची असल्यानं मी भिंतीच्या फुटलेल्या कडांकडेही बघत होते. खाली माती, तिच्यात भाताचा भुसा आणि झाडांचे तंतू कालवलेले, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती, काजळीचा काळा, आणि निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा, जो दूर अफगाणिस्तानकडून यायचा. पोपडा निघालेल्या ठिकाणी भुशाचं टरफल अजून दिसतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भाताचं टरफल. मला तिथे रडू आलं.

पण मला सांगायचंय ते न दिसणाऱ्या भागाबद्दल. भिंतीवर एवढ्या मोठ्या जागा रिकाम्या आहेत. गाइड फक्त उरलेल्या चित्रांवर बॅटरी टाकतात आणि आपण पुढे जातो. मला प्रश्न पडला, की जे उरलं ते का उरलं आणि जे गेलं ते का गेलं? पाणी झिरपलं, वटवाघळं राहिली, धूर झाला, माणसांनी पोपडे काढून नेले. उरलेलं म्हणजे सगळ्या अजिंठ्याचा ढवळलेला नमुना नाहीच.


चाळीसगाव_जंक्शन | ३ जून, सकाळी ८:१५

यात आणखी एक थर आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला फिरताना ही लेणी दिसली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला नेमलं, त्यानं त्यात वर्षानुवर्षं घातली. त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले, तेरा वर्षं नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. पुढे १९२० च्या सुमारास निजामानं इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, पण चित्रांवर लाखेचा हात दिला, तो काळानं पिवळा पडला. म्हणून आपण बघतो ते रंग मूळचे जसेच्या तसे नाहीत.

गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आपल्याच भुसावळला.


निवृत्त_गुरुजी | ३ जून, सायंकाळी ६:३०

केळफूल, तू विचारलंस त्या प्रश्नाला आमच्या शास्त्रात मोठं स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे गणिती होते. लढाईहून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे किती आहेत याची माहिती त्यांच्यापुढे आली, आणि चिलखत कुठे जास्त लावायचं हा प्रश्न होता. सहज वाटतं, की जिथे भोकं जास्त तिथे. वाल्ड यांचा विचार उलटा होता. ही परत आलेली विमानं आहेत. ज्यांच्या इंजिनाला गोळी लागली ती परत आलीच नाहीत, म्हणून इथे इंजिनावर भोकं कमी दिसतात. न आलेल्या विमानांचा हिशेब आलेल्या विमानांवरून करायचा होता. हेच वाल्ड १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीत विमान कोसळून गेले. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज बदलायचा.


केळफूल | २८ जून, रात्री ९:५०

बरेच दिवस आले नाही. पाऊस सुरू झाला, नव्या लावणीची धावपळ होती. कापणी संपली. दोरा बांधलेल्या तीसपैकी २८ घडांची वजनं मिळाली. सरासरी २३.४ किलो, प्रमाण विचलन ३.१. प्रमाण त्रुटी, म्हणजे ही सरासरी किती डळमळू शकते त्याचं माप, ०.५९, आणि ९५ टक्क्यांची मर्यादा, जिच्यात बागेची खरी सरासरी बहुधा असेल, २२.२ ते २४.६ किलो. सगळं आधी वहीत केलं, मग 'आर'मध्ये, उत्तर जुळलं.

उरलेले दोन. एक घड मजुरांनी पहाटे कापून गाडीत भरला, दोरा बांधावर पडलेला मिळाला. दुसरं झाड १० जूनच्या वादळात घडासकट मोडून पडलं, दोन दिवसांनी दिसलं तोवर घड काळा पडला होता. मी दोन्ही ठिकाणी नुसती रेघ मारून २८ वर हिशेब केला होता. मग गुरुजींचं विमानांचं लिहिणं पुन्हा वाचलं. वादळात कोणती झाडं मोडतात? बाबांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांच्यावर ओझं जास्त ती. हलका घड वाऱ्यात डोलतो आणि राहतो, भारी घड झाडाला घेऊन पडतो. म्हणजे माझे दोन रिकामे रकाने सारखे नाहीत. गाडीत गेलेला घड कसाही असू शकतो. पडलेला बहुधा जड असणार. माझी सरासरी कदाचित किंचित कमी आलीय, आणि ती का कमी आलीय याचं कारण वहीत नव्हतं.

गुरुजी, आता काय करू?


निवृत्त_गुरुजी | २९ जून, सकाळी ७:३०

आज महालनोबीसांचा जन्मदिवस, १८९३ चा, राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. आजच तुझं हे वाचायला मिळालं.

पडलेल्या घडाचं वजन अंदाजानं भरू नकोस. प्रकल्पात दोन्ही गोष्टी लिही: किती मिळाले नाहीत आणि प्रत्येक का मिळाला नाही. मग हिशेब दोनदा मांड. एकदा २८ वर. दुसऱ्यांदा पडलेला घड तुझ्या यादीतल्या सगळ्यांत जड घडाएवढा होता असं धरून २९ वर. दोन उत्तरांत किती फरक पडतो ते वाचणाऱ्याला दाखव. बाबांचं वाक्यही लिही, बागेतल्या माणसाचं निरीक्षण म्हणून, त्यांच्याच शब्दांत.


तोलकाटा | २९ जून, दुपारी १२:१०

आमची पडलेली झाडं मी कधी मोजली नाहीत. या वर्षीपासून घरातल्या पोरांना सांगतो, कोणतं पडलं आणि घड केवढा होता ते लिहून ठेवा. विम्याच्या कागदासाठी नाही, आपल्यासाठी.


केळफूल | २९ जून, रात्री १०:१५

सगळ्यात जड घड ३०.१ किलोचा होता. तो धरला तर सरासरी २३.६ होते. फरक ०.२ किलो. एका झाडाचा एवढा, वादळात बागेतली किती झाडं पडली ते उद्या बाबांबरोबर मोजून येते.

वहीत वजनाच्या शेजारी एक नवा रकाना आखलाय, 'नसेल तर का' असा. भाऊनं तो बघितला आणि काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतःच पट्टी घेऊन पुढच्या पाच पानांवर रेषा मारून दिल्या.

कॉलेज सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. चाळीसगावचे सर, रविवारी सकाळच्या गाडीनं भुसावळला जातेय, गिलची कबर शोधायला. दिसली तर तिचं चित्र काढून आणीन. मला अजून नीट काढता येत नाही, पण समोर बसूनच काढेन.